खळ्यावर रास होती त्या वर्षीचा हुतुतू

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरात इतकं हळू बोलत की जेवताना त्यांना अजून भाकरी हवी की नको, हे ताटाकडे बघूनच ओळखावं लागे. मी लग्न होऊन आले तेव्हा सून आणि सासरा समोरासमोर बोलत नसत. ते ओट्यापाशी आले की आधी खाकरायचे, मी पदर सावरून आत व्हायची, मग ते पाऊल टाकायचे. मला दिवस गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं, तेव्हापासून शेतावरून येताना ते धोतराच्या सोग्यात कधी चिंचा, कधी हरभऱ्याचे ढाळे, कधी चार कोवळ्या कैऱ्या आणायचे आणि रांजणाच्या कडेला ठेवून काही न बोलता पुढं जायचे. ते माझ्यासाठी आहे असं कुणी म्हणायचं नाही आणि माझ्याशिवाय कुणी हात लावायचं नाही.

हेच मामंजी हुतुतू बघायला बसले की दुसरेच कुणी व्हायचे.

आमचं सासर इंद्रायणीच्या अलीकडं, तळवड्याच्या अंगाला. माझं माहेर नदीपलीकडं, निघोज्याच्या शिवाराला लागून. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी असायचं, तेव्हा माणसं वहाणा हातात घेऊन उतारातून ये-जा करायची. ह्या दोन गावांचा हुतुतू वर्षातून दोनदा व्हायचा. एकदा धुळवडीला आणि एकदा आमच्या चैत्राच्या जत्रेत, देवाची पालखी फिरली की दुसऱ्या दिवशी. दोन्ही सामने आमच्या खळ्यावर. घर गावाच्या कडेला होतं आणि घरामागं खळं होतं, मोठं, सपाट, आणि चोपून चोपून इतकं कडक झालेलं की पडलेल्या गड्याचं कोपर सोलून निघायचं. सामन्याच्या आदल्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी ते शेणानं सारवून काढायचो. मग राखेनं मधली रेघ आखली की झालं मैदान.

बायकांनी सामन्याला बसायची रीत नव्हती. आम्ही गोठ्याची भिंत आणि कडब्याची गंजी ह्यांच्यामधल्या फटीतून बघायचो. तिथून अर्धं खळं दिसायचं. उरलेलं अर्धं ऐकून समजायचं, आणि ऐकायला भरपूर असायचं.

सुरुवात नेहमी गमतीनं व्हायची. आमच्याकडं एक अंगानं भरलेला गडी होता. तो चढाईला निघाला की पलीकडचे म्हणायचे, ह्याला दोन पाळ्या द्या, एक ह्याची आन् एक ह्याच्या पोटाची. त्यांचा एक काटकुळा गडी आला की आमचे ओरडायचे, दार लावा रं, वारा आला. मला ते फार आवडायचं. पदर तोंडाला लावून मी हसत राहायची. पण खेळ रंगात आला की बोलणं घसरायचं. आधी गड्याच्या अंगाला बोलायचे, मग त्याच्या बापाला, आणि शेवटी त्याच्या आईला. एकदा आईपर्यंत गेलं की ज्याला त्याला चेव यायचा. घरी आईच्या पाया पडून आलेले बाप्ये दुसऱ्याच्या आईला असं काही बोलायचे की आत्याबाई मला फटीपासून ओढून आत पाठवायच्या. स्वतः मात्र तिथंच उभ्या राहायच्या.

आणि त्या सगळ्यात वरचा आवाज मामंजींचा. बांधावर, बाभळीखाली त्यांची जागा ठरलेली होती. घरात ज्यांचा शब्द ऐकायला कान द्यावा लागे, त्यांचा आवाज तिथून नदीपर्यंत जायचा. त्यांच्या मनात काही नसायचं. सामना संपला की तोंडावर पाणी मारून ते पुन्हा पहिल्यासारखे घरात यायचे, आणि ज्याला शिव्या घातल्या त्यालाच आग्रहानं जेवायला बसवायचे. पाव्हण्या गड्यांना जेवण आमच्याकडंच असायचं.

माझा थोरला भाऊ माहेरच्या गावाचा पहिला चढाईदार होता. आमचे वडील आम्ही लहान असतानाच गेले. आईनं दुसऱ्याच्या बांधावर खुरपून आम्हाला वाढवलं, मला मराठी चौथीपर्यंत शाळेत घातलं, आणि दादाला तर तिनं कधी उपाशी झोपू दिलं नाही, स्वतः झोपली असेल. त्यामुळं दादाचा दम मोठा होता असं ती म्हणायची. एका दमात तो सगळ्या खळ्याला वळसा घालून यायचा आणि तोंडातलं हुतुतू तुटायचं नाही. आमचे घरचे, म्हणजे माझे मालक, आमच्या गावाकडून खेळायचे. ते देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते. सामन्याला खाडा करून यायचे, आणि मेहुणा समोरून चढाईला आला की हटकून त्याचाच पाय धरायला बघायचे. त्यांचं दोघांचं चांगलं जमायचं.

त्या वर्षीच्या धुळवडीला हरभरा मळून झाला होता आणि ज्वारी अजून रानात होती, म्हणून खळं मोकळंच होतं. चुलीवर मटणाचं भांडं चढवून मी आणि आत्याबाई फटीपाशी आलो होतो. डाव अटीतटीला आला होता. दादा चढाईला आला, दोघांना शिवला आणि मागं फिरला, तेवढ्यात घरच्यांनी त्याचा घोटा धरला. दादा आडवा पडला, पण पडता पडता त्यानं हात लांबवला. बोटं रेघेवरच्या राखेत गेली. पंच होते शाळेचे गुरुजी. त्यांनी वाकून बघितलं आणि दादाच्या बाजूनं निकाल दिला. आमचे दोन गडी बाद.

मामंजी उठून उभे राहिले आणि त्यांनी दादाला आईवरून शिवी दिली. ती मी इथं लिहिणार नाही. नेहमीचीच होती, दर सामन्याला दहा जणांना देत तसलीच. पण ह्या खेपेला ती आई म्हणजे माझी आई होती. मामंजींची विहीण.

विहिणीचा मान आमच्यात केवढा असतो हे सांगायला नको. माझ्या लग्नात मामंजींनी माझ्या आईपुढं मान वर केली नव्हती. तिच्या हातचा पहिला घास त्यांनी पागोटं सावरून, दोन्ही हातांनी घेतला होता. सणावाराला तिचं नाव निघालं तर ते विहीणबाई म्हणायचे, तेही उंबऱ्याकडे बघत. मला वाटतं, त्यांनी शिवी दिली ती चढाईच्या गड्याला. तो कुणाचा कोण, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बाभळीखाली बसलं की पलीकडून येणारा प्रत्येक जण त्यांना नुसता पलीकडचा दिसायचा.

बांधावरचे हसले. दोघातिघांनी तीच शिवी पुढं चालवली.

दादा उठला. अंगावरची धूळही झटकली नाही. बांधापाशी जाऊन तो मामंजींना म्हणाला, "मामा, मला काय बी बोला. पन तिच्या हातचं तुमी खाल्लंय."

एवढंच. मग त्यानं सदरा खांद्यावर टाकला आणि चालू लागला. त्याच्या मागून त्याचे गडी निघाले. मटण शिजत होतं, पंगतीला पत्रावळी मांडलेल्या होत्या. कुणी थांबलं नाही. गंजीजवळून जाताना दादाला मी तिथं असणार हे ठाऊक होतं. न थांबता, न बघता तो म्हणाला, "बाय, ह्या घरचं पानी मी आता पिनार न्हाई."

माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. चैत्र सरता सरता मला न्यायचं ठरलं होतं, आणि न्यायला येणारा मुराळी दादाशिवाय दुसरा कोण? आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आई लेकीच्या दारात येत नाही. घरच्यांनी मला नेऊन सोडलं असतं तर गावानं म्हटलं असतं, बायको टाकायला आला. आणि मुराळी आला की उंबऱ्याच्या आत येतो, पाणी पितो, जेवतो, मग बहिणीला घेऊन निघतो. पाणी प्यायचं नाही म्हणजे यायचं नाही.

त्या दिवशी मटण गल्लीतल्या घरांना वाटलं. मामंजी जेवायला बसले, पण दोन घासांत उठले. बाहेर ओट्यावर बसून, घरात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "शिमगा हाय. शिमग्याचं कुनी मनाला लावून घेतं का?"

आत्याबाईंनी आतूनच उत्तर दिलं, "शिमग्यात शिवी वाऱ्यावर देत्यात. मानसाला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून रांजणाच्या कडेला चिंचा, कैऱ्या पहिल्यापेक्षा जास्त यायला लागल्या. मी त्या खाऊ शकत नव्हते आणि तशाच ठेवूही शकत नव्हते. शेवटी खायची, आणि रडायची.

घरच्यांनी मेहुण्याची समजूत घालायला एकदा नदी ओलांडली. दादानं त्यांना नीट बसवलं, चहा पाजला, डेपोतल्या गोष्टी विचारल्या. माझं नाव निघालं तेव्हा म्हणाला, तिला माझा आशीर्वाद सांगा. जत्रेच्या सामन्याला आपण येणार नाही, असंही पलीकडच्या गड्यांनी कळवलं. दोघा-तिघांनी आमच्या गावानं पूर्वी दिलेल्या शिव्याही उकरून काढल्या होत्या म्हणे. कुणाची आई कधी काढली होती, ते सगळं त्यांच्या ध्यानात होतं. म्हणजे हसून सोडून दिलं असं आम्हाला वाटायचं, तसं ते सुटलेलं नव्हतं.

चैत्र लागला आणि ज्वारी खळ्यावर आली.

ज्यांनी खळं बघितलेलं नाही त्यांना सांगते. खळ्यावर धान्य आलं की ती जागा देवघरासारखी होते. वहाणा बाहेर काढायच्या. विडी नाही, तंबाखू नाही. धान्य मोजताना संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. आणि शिवी तर नाहीच, बैलालासुद्धा नाही. दाण्याची रास पडलेली असते, ती लक्ष्मी. तिच्यापुढं वाईट शब्द निघाला तर ती उठून जाते, असं मानायचे. ह्या बाबतीत मामंजींइतकं कडक साऱ्या गावात कुणी नव्हतं. मळणीला जुंपलेला बैल कणसात तोंड घालायचा, तर ते त्याला म्हणायचे, "असं करू नये, बाबा." बाकीच्या वेळी त्या बैलाला काय काय ऐकावं लागे ते त्यालाच ठाऊक.

एका दुपारी दाण्यातला भुसा वाऱ्यावर उडवायची उपणणी चालली होती. मामंजी तिवईवर उभे राहून सूप हलवत होते, वारा पडला की थांबत होते. खालचे बाजूला गेलेले दाणे मी आणि आत्याबाई केरसुणीनं गोळा करत होतो. वारा पडला होता आणि सगळं शांत होतं. माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी हळूच आत्याबाईंजवळ बोलले.

"आत्याबाई, त्या दिवशी इथं रास असती, तर मामंजींच्या तोंडून तसं गेलं असतं का?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. केरसुणी तशीच हातात. मग पुन्हा झाडायला लागल्या. माझ्या बोलण्याचं काही झालं असं मला वाटलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी घरच्यांनी आणि मामंजींनी रास भरायला पोती आणली. दर वर्षी जत्रेआधी रास उचलून खळं मोकळं करायचे. आत्याबाई खळ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज नगं. सामना झाल्यावर उचला."

मामंजींना वाटलं, बायकोच्या ध्यानात नाही. ते म्हणाले, "अगं, परवा हुतुतू हाय हितं."

"ठावं हाय मला. रास कडेला बाभळीखाली ओढून घ्या."

"राशीपुढं हुतुतू?"

"का? तुमाला खेळ बघायचाय का बोलायचंय?"

मामंजींनी बाभळीकडं बघितलं. रास तिथं आली तर ती त्यांच्या जागेच्या अगदी पुढ्यात, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ येणार होती. मग त्यांनी स्वतःच फावडं घेतलं आणि दाणे ओढायला लागले.

गुरुजी संध्याकाळी ओट्यावर आले. पलीकडचे येणार नाहीत म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. शाळेनंतर ते पोरांनाही हुतुतू शिकवायचे. आत्याबाई दाराआडून त्यांना म्हणाल्या, एक काम करा, पलीकडं जाऊन नुसतं एवढंच सांगा की आमची रास अजून खळ्यावर हाय. गुरुजी आमच्या भागातले नव्हते, त्यांना त्याचा अर्थ उमगला नाही. सामन्याचं बोलावणं असं देतात का, असं त्यांनी घरच्यांना विचारलं. पण गेले बिचारे. परत आले ते तोंडभर हसत. म्हणाले, मी सांगितल्यावर ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली, मग एक म्हातारे उठून म्हणाले, येतो म्हणावं. दादा मात्र म्हणाला होता, खेळायला येईन, पण खळ्यावरूनच परत फिरेन, घरात येणार नाही.

सामन्याच्या दिवशी बाभळीपलीकडं वहाणांचा ढीग पडला. असला सामना कुणी पाहिला नसेल. माणसं मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून कीर्तनाला बसल्यासारखी बसली होती. चिखलीकडून आलेला एक पाव्हणा विडी ओढत आला, त्याला चारी बाजूंनी इतक्या जणांनी हात केले की विडी त्यानं घाईघाईनं मुठीतच विझवली आणि हात झटकत बसला. एरवी तोंड सुटायचं अशा एका म्हाताऱ्यानं उपरण्याचं टोक दातांत धरलं होतं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आधी तर खेळालाच रंग चढेना. गड्यांना आरडाओरड्याची सवय. नुसत्या हुतुतूच्या आवाजात आणि पायांच्या धपधपीत त्यांना कसंसंच व्हायला लागलं. मग हळूहळू बांधावर वेगळं बोलणं सुरू झालं. आमच्या भरलेल्या गड्याला एक जण म्हणाला, "शाब्बास रं माझ्या गुनी बाळा." पलीकडच्या काटकुळ्याला कुणी म्हणालं, "हळू, दगडाला लागशील, दगड फुटंल." लोक हसायला लागले. तोंड बांधल्यावर माणसाची गंमत वाढते हे मी त्या दिवशी पाहिलं. फटीतून मी दादाकडं बघत होते. तो हसत नव्हता. बाभळीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

मामंजी राशीमागं बसले होते. नजर खेळावर, आणि मूठ गच्च.

डाव पुन्हा अटीतटीला आला. दादा चढाईला आला. हुतुतूतूतू करत तो आमच्या कोपऱ्यात शिरला, एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला, घरच्यांच्या हातातून निसटला. मामंजी उठून उभे राहिले. धुळवडीला उठले होते तसेच, हात वर करून. मी डोळे मिटून घेतले.

"अरं तुज्या...," त्यांचा आवाज आला. मी डोळे उघडले. मामंजींची नजर पायाशी राशीवर गेली होती. तोंड उघडं होतं आणि हात वरच होता. पुढचा शब्द सापडेपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुज्या... तुज्या बैलांनी पानी पेलं का रं?"

दादा रेघेपासून दोन हातांवर होता. त्याचं हुतुतू चालू होतं, मग ते डळमळलं, मग त्याच्या नाकातून आवाज आला, आणि तो फसकन हसला. दम सुटला. घरच्यांनी त्याला धरलं, पण धरता धरता तेही हसत होते, आणि दोघे मेहुणे एकमेकांच्या गळ्यात पडून खळ्यावर बसले.

पलीकडचे गडी गुरुजींभोवती गोळा झाले. म्हणाले, ह्याला मुद्दाम हसवलं, ही पाळी धरू नका. गुरुजींनी विचार केला आणि म्हणाले, "त्यांनी गुरांची चौकशी केली. ह्यात पंच काय करणार?" दादा बाद. तरी शेवटी तेच जिंकले, थोडक्यात.

सामना संपल्यावर गडी वहाणा शोधायला लागले. दादानं सदरा अंगात घातला आणि तो नदीच्या वाटेकडं वळला. हसला होता, तरी घराकडं पाऊल टाकत नव्हता. बोललेला शब्द मागं कसा घ्यावा हे त्याला कळत नसावं. एवढ्यासाठी सगळं केलं आणि तो तसाच चालला होता.

तेव्हा मामंजींनी हाक दिली. "पाव्हनं, जरा थांबा. रास उचलायचीय."

रास उचलताना तिथं असलेल्या माणसानं निघून जायचं नसतं. दादा थांबला. मामंजींनी राशीला हळदकुंकू वाहिलं, पाया पडले, आणि पाटी भरून घेतली. पहिली पाटी देवाची असते, ती देवळात जाते. गुरव पुढं झाला. मामंजींनी त्याला हातानं थांबवलं आणि पाटी घेऊन दादासमोर गेले. त्यांनी मान वर केली नाही. घरात बोलायचे तसंच हळू बोलले. सगळे गप्प होते म्हणूनच ऐकू आलं.

"ही विहीनबाईंकडं न्या. म्हनावं, व्याह्याचं तोंड खराब हाय, पन दाना स्वच्छ हाय."

गुरव मागं सरला. दादा पाटीकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून, आधी पाटीला हात लावून कपाळाला लावला, आणि मग मामंजींच्या पायांना. पाटी त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

आत्याबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बघतीस काय, पानी घे."

मी तांब्या घेऊन ओट्यापर्यंत आले. दादा पाटी घेऊन तिथंच आला. पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळा तांब्या प्याला. पाणी त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. मग म्हणाला, "भाकर हाय का? लई भूक लागलीय." मी आत गेले ती चुलीपुढं बसून आधी रडले, मग भाकरी थापली. ओट्यावर मामंजी खाकरले, मी पदर घेतला, आणि ते दादाच्या शेजारी पानावर बसले. जेवताना दोघांनी बैलांशिवाय कशावर बोलणं केलं नाही.

मामंजी सुधारले असं मी म्हणणार नाही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गावच्या जत्रेला ते गेले आणि तिथं मोकळ्या खळ्यावर त्यांचं तोंड सुटलं, असं घरच्यांनीच सांगितलं. पण आमच्या खळ्यावर पुढं जत्रेचा सामना व्हायचा तो रास ठेवूनच. पलीकडच्या गावानंही तसंच सुरू केलं. एखाद्या वर्षी पीक कमी आलं तरी बायका दोन पाट्या दाणे राखून सामन्यापुरते बांधापाशी ओतायच्या. बाप्ये कुरकुरायचे, पण वहाणा काढून बसायचे. पुढं पोरं कंपन्यांत लागली, सामने पटांगणात व्हायला लागले, तिकडं काय बोलतात ते मी ऐकलेलं नाही.

दादा ठरल्या दिवशी मला न्यायला आला. बैलगाडीत बसवून त्यानं मला नदी उतरवली. आई दारातच उभी होती. मला आत घेतलं, बसवलं, पाय चोळले. मग कोपऱ्यातली पाटी दाखवून म्हणाली, "तुझ्या सासऱ्यानं राशीची पहिली पाटी मला धाडली. देवाची पाटी. आजवर एवढा मान मला कुनी दिला न्हाई. का धाडली असंल गं?"

धुळवडीचं दादानं तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघितलं. तो दारातून बाहेर बैलांकडं बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"माझ्या बाळंतपनाला," मी म्हणाले.

"देवमानूस हाय तो," आई म्हणाली. "तोंडातून कधी वावगा शब्द गेला नसंल त्याच्या."

दादा बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठला आणि बाहेर गेला.